१९ लिटर बिअरसाठी ३३ लिटर पाणी! मधले १४ लिटर जातात कुठे?

बासुंदीचं दूध आटून किती उरणार, हे आजीला पातेल्याकडे बघूनच कळतं. घरी बिअर बनवणाऱ्याला मात्र हाच अंदाज वही-पेन घेऊन काढावा लागतो, आणि तोही उलटा. म्हणजे शेवटी किती हवंय तिथून सुरू करून मागे मागे जायचं.

आधी कायद्याचं बोलून घेऊ. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे. त्यामुळे हे वाचून गॅस पेटवू नका. अमेरिकेत मात्र जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये एका विधेयकावर सही केली आणि १९७९ पासून घरगुती बिअरला केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत, पण विकायची नाही. तरी अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी परवानगी द्यायला २०१३ साल उजाडलं.

तिथला नेहमीचा घाणा ५ गॅलनचा, म्हणजे साधारण १९ लिटरचा असतो. त्यासाठी सुमारे ५ किलो माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं बार्ली, भरडून गरम पाण्यात तासभर भिजवतात. त्यातून जो गोड रस निघतो तो उकळतात, गार करतात आणि मग त्यात यीस्ट टाकतात. या प्रत्येक टप्प्यावर पाणी कमी होत जातं.

आता उलटं मोजू. बाटल्यांत १९ लिटर हवी. आंबवण्याच्या भांड्याच्या तळाशी यीस्टचा गाळ बसतो, तिथे १ लिटर सोडावा लागतो. म्हणजे २० लिटर झाले. उकळण्याच्या पातेल्यात हॉप्सचा चोथा आणि गाळ राहतो, त्याचे २ धरले की २२. उकळतं पाणी गार होताना साधारण ४ टक्के आकसतं, म्हणून गरम असताना जवळपास २३ लिटर हवेत. तासभर उकळताना ४ लिटर वाफ होऊन जाते, म्हणजे उकळायला २७ लिटर. शिवाय भिजलेला माल्ट किलोमागे सुमारे १ लिटर पाणी पिऊन बसतो, ते ५ लिटर काही परत मिळत नाहीत. भिजवण्याच्या भांड्यात तोटीच्या खाली अडकणारा १ लिटर वेगळा. एकूण ३३.

हे सगळं पाणी एकदम ओतत नाहीत. किलोला ३ लिटर या हिशोबाने १५ लिटरमध्ये माल्ट भिजवतात. त्यातून ९ लिटर रस मिळतो. उरलेल्या १८ लिटर गरम पाण्याने चोथा धुऊन घेतला की बरोबर २७ होतात.

यातला सगळ्यात फसवा आकडा वाफेचा. काही जण तासाला १० टक्के वगैरे धरतात. पण वाफ किती जाणार हे आत किती लिटर आहे यापेक्षा पातेलं किती पसरट आहे आणि आच किती मोठी आहे यावर ठरतं. तेच पातेलं, तीच शेगडी घेऊन अर्धा पातेलं पाणी टाकलं, तरी वाफ जवळपास तेवढीच जाते. त्यामुळे दुसऱ्याचा आकडा आपल्या कामाचा नाही. नुसतं पाणी तासभर उकळायचं आणि खुणा केलेल्या लाकडी पट्टीने आधी-नंतर मोजायचं, एवढाच उपाय.

आणि हिशोब चुकला तर? साखर वाफेबरोबर उडत नाही. ४ ऐवजी २ लिटरच वाफ गेली, तर २३ च्या जागी २५ लिटर उरतात आणि रसाची घनता १.०५० ऐवजी १.०४६ भरते. बिअर पातळ आणि कमी कडक होते. यावर थोडं जास्त उकळता येतं, म्हणून अनुभवी लोक शेवटची पंधरा मिनिटं पट्टी हातातच ठेवतात.

खरा धोका बाटल्या भरताना असतो. फेसासाठी घालायची साखर लिटरवर मोजतात. लिटरला ६ ग्रॅम धरून १९ लिटरची ११४ ग्रॅम साखर घातली आणि प्रत्यक्षात बिअर १६ लिटरच निघाली, तर लिटरमागे ७ ग्रॅमच्या वर जाते. बिअर जरा जास्त फेसाळते. चूक याहून मोठी असेल तर काचेची बाटली फुटतेही. म्हणून साखर वजन करायची ती वहीतल्या १९ वर नाही, समोरच्या बादलीत बिअर मोजल्यानंतर.