आकड्यांची ओढाताण

२०१०च्या पूर्वार्धात फोर्डने आपल्या सुपर ड्यूटी पिकअपच्या नव्या डिझेल इंजिनाचे आकडे जाहीर केले. ६.७ लिटर, आठ सिलिंडर, ३९० हॉर्सपॉवर आणि ७३५ पौंड-फूट टॉर्क. लगोलग जनरल मोटर्सने आपल्या ड्युरामॅक्स डिझेलचे आकडे सांगितले: ३९७ आणि ७६५. लिलावात बोली चढावी तशी त्याच उन्हाळ्यात फोर्डने पुन्हा बोली लावली, ४०० आणि ८००. त्यासाठी इंजिन उघडावं लागलं नाही. बदलला तो संगणकातला प्रोग्रॅम, आणि ज्यांनी गाडी आधीच घेतली होती त्यांनाही तो फुकट घालून मिळाला.

अमेरिकेतल्या पिकअपचा गेल्या पस्तीस वर्षांचा इतिहास बराचसा याच वळणाचा आहे. तिथे पिकअप म्हणजे आपल्याकडे भाजीच्या जाळ्या वाहणारा छोटा हत्ती नव्हे. घोड्यांचा ट्रेलर, बोट, चाकांवरचं अख्खं घर, गवताच्या गाठी, नाहीतर मिनी एक्स्कॅव्हेटर मागे लावून शेकडो मैल जाणारी ती गाडी. त्यामुळे ‘किती ओढते?’ हा प्रश्न तिथे ‘ॲव्हरेज किती देते?’च्या आधी येतो. आणि कंपन्यांनी या प्रश्नाचं उत्तर वर्षानुवर्षं इंजिनाच्या आकड्यात दिलं. माझ्या मते ते उत्तर निम्मंच होतं.

शर्यतीची सुरुवात १९८९ची धरायला हरकत नाही. डॉजची पिकअप तेव्हा जुनाट झाली होती आणि खपही बेताचाच होता. तिच्यात कमिन्सचं ५.९ लिटरचं, सहा सिलिंडर एका ओळीत असलेलं टर्बो डिझेल बसवलं गेलं. हे इंजिन कमिन्सने जे. आय. केस या ट्रॅक्टर कंपनीच्या भागीदारीत, शेतीची यंत्रं डोळ्यांपुढे ठेवून बनवलेलं. ताकद १६० एचपी, म्हणजे आजच्या एखाद्या मध्यम एसयूव्हीएवढी. पण टॉर्क ४०० पौंड-फूट. फोर्ड आणि जीएमच्या पिकअपमधल्या डिझेलला त्या वेळी कारखान्यातून टर्बोसुद्धा येत नव्हता.

कमिन्स हे नाव पुणेकरांना १९६२पासूनचं. कोथरूडच्या किर्लोस्कर-कमिन्समध्ये घरातलं कुणी ना कुणी नोकरीला, अशी कितीतरी घरं होती. पण डॉजच्या बॉनेटखालचं ते ५.९ लिटरचं इंजिन आपल्या रस्त्यावर आलं जमशेदपूरहून. १९९३मध्ये टाटा आणि कमिन्सने तिथे भागीदारीत कंपनी काढली. तिचाच आणखी एक कारखाना पुढे फलटणजवळ उभा राहिला. टाटाच्या १६१३ आणि २५१५ ट्रकांत हेच इंजिन. या नावांतच हिशेब आहे: १६१३ म्हणजे भरल्या गाडीचं वजन १६ टन आणि ताकद साधारण १३० एचपी, २५१५ म्हणजे २५ टन आणि १५० एचपी. तिकडे १६० एचपीवर चार-पाच टनांचा ट्रेलर ओढणारं इंजिन इकडे त्याहून कमी ताकदीवर पंचवीस टन घेऊन खंबाटकी घाट चढत होतं. रांगत चढायचं, मागे गाड्यांची रांग लावून, पण चढायचं.

इंजिनाची ताकद किती वजन ओढता येईल हे ठरवत नाही, ते वजन घाटात किती वेगाने चढेल हे ठरवते. किती वजनाला हात घालावा, हे ठरवतात चॅसी, मागचा एक्सल, टायर, ब्रेक, रेडिएटर आणि जोड. जाहिरातीत मात्र यांतलं काही दिसत नाही. एक्सलचा फोटो कोण छापणार?

पुढची वीस-पंचवीस वर्षं आकडे चढत राहिले. २००१च्या ड्युरामॅक्सने ३०० एचपी आणि ५२० पौंड-फूट दिले. २००३मध्ये फोर्डचा टॉर्क ५६०वर, २००८मध्ये ६५०वर. ही इंजिनं फोर्डला नॅव्हिस्टार ही कंपनी पुरवायची. ६ लिटरच्या इंजिनाने वॉरंटीच्या खर्चावरून दोघांना कोर्टात नेलं, आणि २०११च्या मॉडेलपासून फोर्ड स्वतःच डिझेल बनवू लागली. २०१३मध्ये रॅम (डॉजच्या पिकअपचं पुढचं नाव) ८५०, २०१७मध्ये फोर्ड ९२५, २०१९मध्ये रॅमने हजाराचा टप्पा गाठला. पुढच्याच वर्षी फोर्ड १,०५०. २०२३मध्ये फोर्डच्याच खास आवृत्तीत ५०० एचपी आणि १,२०० पौंड-फूट, म्हणजे १,६०० न्यूटन-मीटरच्या वर, १९८९च्या तिप्पट. ट्रेलरचं वजनही तसंच वाढलं: २०१३मध्ये रॅम ३०,००० पौंड सांगत होती, २०२३मध्ये फोर्डची एफ-४५० एका ठरावीक रचनेत ४०,००० पौंड, म्हणजे अठरा टन. इतकं ओझं धंद्यासाठी ओढायचं तर अमेरिकेतही ट्रकचालकाचा परवाना काढावा लागतो.

आता दोन गाड्या शेजारी उभ्या करू. २०१९ची रॅम ३५००, मोठ्या टॉर्कच्या डिझेलची: ४०० एचपी, १,००० पौंड-फूट. आणि २०२१ची फोर्ड एफ-१५०, साडेतीन लिटरच्या व्ही-६ टर्बो पेट्रोलची: ४०० एचपी, ५०० पौंड-फूट. हॉर्सपॉवर अगदी सारखी. ओढण्याची कमाल क्षमता मात्र पहिलीची ३५,१०० पौंड, दुसरीची १४,०००. सगळा फरक टॉर्कचा, असं म्हणायचा मोह होतो, आणि विक्रेते तसंच सांगतात. पण डिझेलचे ४०० एचपी मिनिटाला २,८०० फेऱ्यांवर मिळतात, पेट्रोलचे ६,०००वर. पेट्रोलवाल्याने खालचा गिअर टाकला की चाकापाशी पोचणारा जोर जवळपास तेवढाच होतो. तोच घाट, तोच ट्रेलर, तर दोन्ही गाड्या साधारण त्याच वेगाने चढतील. एक शांतपणे, दुसरी किंचाळत. मग ३५,१०० आणि १४,०००मधलं अंतर कशाचं? बरंचसं लोखंडाचं. जाड चॅसी, मागे जोडचाकं, मोठा एक्सल, मोठे ब्रेक, आणि दिवसभर भार सोसायच्या हिशेबाने बनवलेलं इंजिन.

हे आकडे तरी कंपन्या काढत कशा होत्या? बरीच वर्षं, आपापल्या मर्जीने. प्रत्येकीची चाचणी वेगळी, चढ वेगळा, ट्रेलर वेगळा. २००८मध्ये एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने जे-२८०७ नावाचं प्रमाण ठरवलं. मला विचाराल तर या साऱ्या इतिहासातली सगळ्यात मोठी घटना हीच. हजार पौंड-फूट नव्हे.

त्यातली मुख्य परीक्षा ॲरिझोनात होते. कोलोराडो नदीवर डेव्हिस धरण आहे, त्याच्याजवळ बुलहेड सिटीहून राज्य मार्ग ६८ वर चढतो. अठरा किलोमीटरच्या आसपास सलग चढ, उंची सुमारे ३,००० फूट, म्हणजे सरासरी पाच टक्के. हवा किमान ३८ अंश सेल्सिअस हवी. एसी पूर्ण गार, पंखा पूर्ण जोरात. मागे तितकाच ट्रेलर जितका कागदावर लिहायचाय. वेग ताशी ४० मैलांच्या, म्हणजे ६४ किलोमीटरच्या खाली येता कामा नये; मागे जोडचाकं असतील तर ३५ मैल चालतात. वर पोचेपर्यंत एकही धोक्याचा दिवा लागायला नको. शिवाय बारा टक्क्यांच्या चढावर उभं राहून पाच मिनिटांत पाच वेळा पुढे आणि पाच वेळा मागे, दर वेळी सोळा फूट गाडी हलवून दाखवायची. क्लच आणि ट्रान्समिशनची खरी परीक्षा तीच. गाडीत चालक आणि एक प्रवासी धरलेला, प्रत्येकी ६८ किलोचा. पिकअपवाल्या अमेरिकेत ६८ किलोची माणसं शोधायची कुठे, हा प्रश्न त्या समितीला पडला नसावा.

गणित मांडून बघण्यासारखं आहे. अठरा टनांचा ट्रेलर आणि चार टनांची गाडी पाच टक्क्यांच्या चढावर ताशी ५६ किलोमीटरने चढवायला नुसत्या चढासाठी सव्वादोनशे एचपी लागतात. वारा आणि टायरचा रोध त्यावर. म्हणजे ४७५-५०० एचपी हवेत ते गाडी हलवायला नव्हे, तर ३८ अंशांच्या उन्हात वीसेक मिनिटं तो जोर टिकवून वर पुरेसा वेग राखायला. आणि खरी अडचण येते ती उष्णतेची. इंजिन जेवढा जोर चाकांना देतं, तेवढीच, किंबहुना अधिक, उष्णता बाहेर टाकतं.

हे प्रमाण सर्वांत आधी टोयोटाने स्वीकारलं, २०११च्या टुंड्रासाठी, आणि तिच्या काही मॉडेलांचे आकडे त्यापायी खाली आले. डेट्रॉइटच्या तिन्ही कंपन्या २०१५च्या मॉडेलांपर्यंत थांबल्या. आपलाच आकडा आधी कमी करायचा आणि शेजाऱ्याचा फुगलेला तसाच, हा आतबट्ट्याचा व्यवहार कोण करणार! टोयोटाने केला, हे तिच्या खात्यावर जमा.

याच टुंड्राने १२ ऑक्टोबर २०१२ला लॉस एंजेलिसमध्ये एन्डेव्हर हे अवकाशयान ओढलं. खालच्या गाड्यासह वजन सुमारे १३२ टन. गाडीची अधिकृत क्षमता साडेचार टनांच्या आसपास. फ्रीवेवरच्या पुलावरून, सपाट रस्त्याने, पाव मैल. २०१९मध्ये फोर्डने विजेवरच्या एफ-१५०च्या नमुन्याकडून साडेचारशे टनांहून जड मालगाडीचे डबे ओढवून घेतले. रुळावर लोखंडी चाकाला रोध नगण्य. टॉर्क असला की डबे हलतात. हे खेळ पाहायला झकास, पण थांबवायचं कसं, हा प्रश्न त्यांत येत नाही.

घाट उतरताना तोच प्रश्न सगळ्यात मोठा असतो. २००७च्या मध्यावर आलेल्या ६.७ लिटरच्या कमिन्समध्ये टर्बोमधली वाट आवळून एक्झॉस्ट अडवणारा ब्रेक कारखान्यातूनच आला. बटण दाबलं की उतारावर इंजिन गाडीला मागे खेचतं आणि ब्रेकचे पॅड तापत नाहीत. त्याआधी २००५मध्ये फोर्डने ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर डॅशबोर्डमध्येच बसवला. जाहिरातीत या दोन्ही गोष्टी तळटिपेत जायच्या. पण जड ट्रेलर घेऊन रॉकीज उतरलेल्या माणसाला विचारा: पन्नास एचपी कमी दे म्हणेल, एक्झॉस्ट ब्रेक काढू नको म्हणेल.

आणखी एक आकडा जाहिरातीत नसतो, तो चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेला असतो. माणसं आणि सामान मिळून अमुक वजनापेक्षा जास्त नको, एवढंच त्यावर लिहिलेलं. समजा स्टिकर म्हणतो ७७० किलो, आणि ट्रेलर आहे पाच टनांचा. गाडीची क्षमता सहा टनांची, म्हणजे काळजी नको? ट्रेलरचा पुढचा दांडा त्याच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार गाडीच्या जोडावर टाकतो; बारा टक्के धरले तरी ६०० किलो. उरले १७०. त्यात नवरा-बायको बसले की संपलं. मुलं, कुत्रा, मागच्या हौद्यातला जनरेटर या सगळ्याला जागा आहे, परवानगी नाही. हा भार कमी केला तर ट्रेलर वेगात मागे झुलायला लागतो, आणि ते झुलणं ५०० एचपीने थांबत नाही.

शर्यतीचं एक बिल डिसेंबर २०२३मध्ये आलं. २०१३पासूनच्या रॅमच्या लाखो डिझेल इंजिनांत प्रदूषण-नियंत्रणाला बगल देणारी यंत्रणा असल्याच्या आरोपावरून कमिन्सने १.६७५ अब्ज डॉलरचा दंड मान्य केला; स्वच्छ हवा कायद्याखालचा तोवरचा सर्वांत मोठा दिवाणी दंड. कंपनीने चूक कबूल केली नाही. रॅमचा टॉर्क ८५०वरून हजारावर गेला तो याच काळात, एवढं नोंदवून ठेवतो. दोन्हींचा थेट संबंध जोडायचा माझा दावा नाही.

मग वीज आली, आणि जुन्या मोजपट्टीचं काही खरं राहिलं नाही. २०२२च्या एफ-१५० लाइटनिंगचा टॉर्क ७७५ पौंड-फूट, तोही शून्य फेऱ्यांपासून. पेट्रोलवर चालणाऱ्या भावंडाचा ५००. ओढण्याची कमाल क्षमता मात्र लाइटनिंगची १०,००० पौंड आणि भावंडाची १४,०००. शिवाय उंच ट्रेलर लावला की एका चार्जमधलं अंतर जवळपास निम्म्यावर येतं, आणि बहुतेक चार्जिंग स्टेशनांवर गाडी उभी करायची जागा एवढी आखूड की आधी ट्रेलर सोडून बाजूला लावावा लागतो. चार्ज करा, पुन्हा जोडा, साखळ्या, वायर, ब्रेकची तपासणी, आणि दीड तासाने तेच. २०२५मध्ये रॅमने निव्वळ विजेची पिकअप आणण्याचा बेत सोडला आणि बॅटरीसोबत पेट्रोलचा जनरेटर असलेल्या गाडीकडे मोर्चा वळवला. तिची ताकद कंपनीने सुरुवातीला ६६३ एचपी सांगितली होती, आणि ओढायची क्षमता १४,००० पौंड. एफ-१५० ४०० एचपीवर जेवढं ओढत होती तेवढंच.