साउंडसाठी अजून एक

शॉट चालू असताना मॉनिटरसमोर नेहमी गर्दी असते. दिग्दर्शक, छायालेखक, कलादिग्दर्शक, वेशभूषेची मुलगी, चॅनेलचा माणूस. कुणाचं कुंकू पुसलं, मागचा पडदा वाकडा झाला, की कुणीतरी लगेच बोलतं. आवाजाचं तसं नाही. दोन-तीन जणांच्या कानाला हेडफोन असतात, पण दिग्दर्शकाचा जीव अभिनयात असतो आणि साहाय्यकाचं लक्ष संवाद बरोबर म्हटले जाताहेत की नाही याकडे. मागच्या गल्लीत रिक्षा सुरू झाली आणि नेमका ‘नाही’ हाच शब्द तिच्याखाली गेला, हे पकडायचं काम साउंड रेकॉर्डिस्टचं. ते काम मी करते. त्यात यंत्रं शिकणं फारसं कठीण नाही. कठीण आहे ते शॉट ओके झाल्यावर, सगळे खूश असताना हात वर करून “साउंडसाठी अजून एक घेऊ या” म्हणणं.

माझं लहानपण इचलकरंजीत गेलं. घराच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग. पाहुणे विचारायचे, तुम्हाला झोप कशी लागते? आम्हाला तो खडखडाट ऐकूच यायचा नाही; वीज जाऊन माग थांबले की मात्र अख्खं घर जागं व्हायचं. रोजचा आवाज मेंदू आपोआप बाजूला सारतो. मायक्रोफोनला तसं करता येत नाही. पंखा, फ्रिज, ट्यूबलाइटचा चोक, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, सगळं तो सारख्याच इमानाने घेतो. म्हणून या धंद्यात पहिली काही वर्षं कानाची जुनी सवय मोडण्यात जातात.

खरं काम शूटिंगच्या आधी, रेकीला सुरू होतं. वाई-मेणवलीकडचा एखादा वाडा बघायला गेलो की बाकीचे भिंतींचा रंग, चौकातलं ऊन, कमानी बघतात. मी खोलीच्या मधोमध उभी राहून टाळी वाजवते. टाळी लगेच विरली तर बरं. भिंतीभिंतीतून घुमत राहिली तर इथे संवादाची अक्षरं एकमेकांत मिसळणार. मग प्रॉडक्शनच्या दादांना घोंगड्या आणि गोधड्या किती लागतील ते लिहून देते. कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या भिंतींवर त्या टांगल्या आणि जमिनीवर जाजम घातलं की घुमणारी खोली बरीच ताब्यात येते. छत पत्र्याचं असेल आणि तारखा जुलैच्या असतील, तर मी तिथल्या तिथे नको म्हणते. पावसाची सर पत्र्यावर आली की त्याखाली कुजबुजीचा प्रसंग घेणं अशक्य आहे.

शेजारीही बघावे लागतात. पिठाची गिरणी कधी चालते, देवळाचा भोंगा किती वाजता लागतो, कुत्रं कुणाचं आहे. गावातली माणसं याबाबतीत फार समजूतदार असतात, फक्त त्यांना आधी जाऊन विचारायला हवं. ऐन शॉटला स्पॉटदादाला धावत पाठवून “गिरणी बंद करा” असं फर्मान सोडलं तर कोण ऐकेल? आदल्या दिवशी स्वतः जाऊन, चहा घेऊन, “काका, अकरा ते एक एवढं सांभाळा” म्हटलं तर काका गिऱ्हाइकाला थांबवून ठेवतात.

कुणाच्या राहत्या घरात शूटिंग असेल तर फ्रिज बंद करावा लागतो. तो बंद केला की मी माझ्या गाडीची किल्ली त्याच्या आत, दुधाच्या पिशवीशेजारी ठेवते. जगभरातले रेकॉर्डिस्ट ही युक्ती वापरतात. रात्री पॅकअपनंतर कितीही दमलेली असले तरी किल्लीसाठी फ्रिज उघडावा लागतो आणि तो सुरू करायचं राहत नाही. त्या घरातल्या बाईचं दूध नासलं तर पुढच्या युनिटला ती दार उघडेल का?

आवाज पकडायचे मुख्य रस्ते दोन. एक बूम, म्हणजे लांब काठीच्या टोकाला लावलेला, समोरच्या दिशेचंच जास्त ऐकणारा मायक्रोफोन. दुसरा लेपल, कपड्यात लपवायचा, शेंगदाण्याहून लहान. माझं मत विचाराल तर बूमचा आवाज खरा. माणूस लांब गेला की आवाज लांब जातो, वळला की वळतो, खोलीची हवा त्यात येते. पण त्याला जवळ जावं लागतं. अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज 6 डेसिबलने उतरतो आणि पंख्याची घरघर मात्र तेवढीच राहते. त्यामुळे बूम चौकटीच्या काठावर, नटाच्या डोक्यापासून दीड-दोन फुटांवर तरंगत ठेवायचा. तो चौकटीत दिसता कामा नये, त्याची सावली भिंतीवर पडता कामा नये. हे साधणारा बूम ऑपरेटर प्रेक्षकाला कधीच माहीत होत नाही. आमचे बूमदादा सगळ्यांचे संवाद पाठ करून येतात. समोरच्याचं वाक्य संपायच्या अर्धा क्षण आधी त्यांच्या मनगटाला पीळ पडतो आणि माइक दुसऱ्याच्या तोंडाकडे वळलेला असतो. हात डोक्यावर ताणलेले, श्वाससुद्धा जपून. सावलीवरून लाइटमनशी रोज बोलणी करायची तीही त्यांनीच. श्रेयनामावलीत त्यांचं नाव पुसट अक्षरात येतं किंवा येतच नाही, याचा मला मनापासून राग आहे.

लेपल लावणं हे वेगळंच कसब. नऊवारी नेसलेली, अंगावर ठुशी, मंगळसूत्र, मोहनमाळ असलेली अभिनेत्री समोर असते. माइक छातीच्या मध्यावर ठेवला तर मंगळसूत्राच्या वाट्या त्यावर आपटतात. पदराखाली ठेवला तर जरीचा खरखराट येतो. मी आधी विचारते, “ताई, लावू का?” मग ब्लाउजच्या गळ्याच्या आतल्या बाजूला, कापड शरीराशी घट्ट असेल अशा जागी, दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून तो बसवते. त्याच्या खाली वायरचा एक छोटा वेढा सोडते, म्हणजे ओढ बसली तरी माइकपर्यंत पोचत नाही. मंगळसूत्राच्या वाट्यांना आतून मेणाचा ठिपका लावला की त्यांची किणकिण थांबते. बांगड्यांना मधून पारदर्शक पट्टी, चपलांच्या तळाला फेल्ट. ट्रान्समीटर कमरेला, घामापासून वाचवायला प्लास्टिकमध्ये गुंडाळून. एवढं करून ताईंनी संवाद म्हणताना छातीवर हात मारून घेतला, तर पुन्हा सगळं पहिल्यापासून.

या माइकची एक जबाबदारी फारशी कुणी बोलून दाखवत नाही. कट झाल्यावरही तो चालूच असतो. घरून आलेला फोन, आजारपण, पैशांची ओढाताण, एखाद्याबद्दलचा संताप, सगळं माझ्या कानात येतं. कट ऐकताच तो चॅनेल माझ्या हेडफोनमधून उतरवायचा आणि चुकून काही ऐकलंच तर ते तिथेच पुरायचं, हे मी नव्या मुलांना मशीन हातात देण्याआधी सांगते.

आपल्याकडे आवाजाची लढाई बोलपटाइतकीच जुनी आहे. 1931 साली अर्देशीर इराणींनी ‘आलम आरा’ काढला तेव्हा मुंबईतल्या त्यांच्या स्टुडिओशेजारून रेल्वे जायची. गाड्या थांबल्यावर, म्हणजे मध्यरात्र उलटून गेल्यावर शूटिंग चाले. माइक सेटवर लपवलेले, आणि आवाज व चित्र एकाच फितीवर उमटणारं; नंतर दुरुस्तीला वावच नाही. पुढच्याच वर्षी ‘प्रभात’ने कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ केला. म्हणजे आपले सुरुवातीचे बोलपट थेट आवाजाचेच होते. नंतर सिनेमा स्टुडिओबाहेर पडला, हातात मावणारे कॅमेरे आले. त्यातला अ‍ॅरीफ्लेक्स 2सी आपल्याकडे सर्रास वापरला गेला आणि तो चालताना चांगलाच आवाज करायचा. मग सेटवरचा आवाज फक्त नोंदीपुरता घ्यायचा आणि सगळे संवाद नंतर डबिंगच्या खोलीत करायचे, ही रीत पडली. ती इतकी मुरली की सेटवर शांतता पाळायची सवयच गेली. 2001 च्या ‘लगान’ने मुख्य धारेतल्या हिंदी सिनेमाला पुन्हा थेट आवाजाकडे वळवलं, भुजजवळ उघड्या माळावर, एवढ्या गर्दीत नकुल कामटे यांनी तो घेतला. 2009 मध्ये ‘स्लमडॉग मिलियनेअर’साठी रसूल पूकुट्टींना ऑस्कर मिळालं. ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओच्याच आवारात शिकलेले. तेव्हापासून आमच्या खात्याकडे लोक जरा वळून बघू लागले.

टीव्ही मालिकांत मात्र थेट आवाजावाचून गत्यंतरच नाही. आज शूट झालेला भाग काही दिवसांत घरोघर दिसणार असतो; डबिंगला वेळ कुठला? बारा तासांची शिफ्ट, दोन-तीन कॅमेरे एकदम. एक कॅमेरा पूर्ण दिवाणखाना दाखवतो, दुसरा सासूचा चेहरा. दिवाणखाना दिसतोय म्हटल्यावर बूम खाली उतरूच शकत नाही, म्हणून सगळी भिस्त लेपलवर. एका प्रसंगात आठ माणसांचं कुटुंब असेल तर आठ चॅनेल, आणि प्रत्येकाची पातळी बोटांनी सांभाळायची. सिनेमावाले मालिकांच्या आवाजाला नावं ठेवतात ते मला पटत नाही. एवढ्या घाईत प्रत्येक शब्द कळेल असा आवाज रोज देणं सोपं नाही, आणि स्वयंपाकघरात फोडणी देता देता नुसती ऐकून मालिका ‘बघणाऱ्या’ लाखो बायका त्या आवाजावरच विसंबून असतात.

प्रत्येक जागा सोडण्यापूर्वी मी अर्धा मिनिट मागते. सगळ्यांनी आहे तिथे उभं राहायचं, बोलायचं नाही, आणि मी रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करते. दोन संवादांमधली फट त्या आवाजाने भरतात, नाहीतर शांतता तुकड्यातुकड्यांची वाटते. दिवसभर ओरडणारं युनिट तेव्हा पायाच्या बोटांकडे बघत उभं असतं. घड्याळ बघून कुणीतरी वैतागतं. तरी मी मागते.

आणि कधी मागायचं नाही, हेही शिकावं लागतं. एक ज्येष्ठ अभिनेत्री मुलाच्या मृत्यूची बातमी ऐकण्याचा प्रसंग करत होत्या. ऐन हुंदक्यावर शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. बूमदादांनी माझ्याकडे बघितलं; मी मान हलवली, थांबायचं नाही. तो हुंदका दुसऱ्यांदा आला नसता, आणणं बरंही नव्हतं. शिट्टी एका शब्दावर होती. पाच मिनिटांनी त्या सावरल्यावर त्याच खोलीत, त्याच माइकसमोर तेवढा एक शब्द कॅमेऱ्याशिवाय म्हणून घेतला. संकलकाने तो नेमका बसवला. डबिंगच्या खोलीत महिन्याभराने तोच शब्द स्वच्छ आला असता, पण रडून जड झालेला गळा तिथे कुठून आणायचा?

2022 मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘डोळ्ळू’ या कन्नड चित्रपटाला लोकेशन साउंडचा पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार तेव्हा फक्त थेट आवाजाच्या चित्रपटांसाठी होता. चित्रपट तर डबिंग केलेला होता, हे त्याच्याच साउंड डिझायनरने जाहीरपणे सांगितलं. मला त्यात कुणाला दोष द्यायचा नाही. उत्तम डबिंग ही मोठीच कला आहे. पण परीक्षकांनाही फरक कळू नये, एवढं आपलं ऐकणं कच्चं राहिलं आहे का, हा प्रश्न मला तेव्हा फार लागला.

आता निर्माते म्हणतात, सॉफ्टवेअर आहे ना, नंतर साफ होईल. पंख्याची घरघर खरंच निघते, मीही ती सॉफ्टवेअर वापरते. पण रिक्षाखाली गेलेल्या ‘नाही’मधला ‘ना’ रेकॉर्डच झाला नसेल तर यंत्र तो बनवून देईल, बोलणाऱ्याचा तो नसेल. नटाने त्या क्षणी, त्या माणसासमोर जे म्हटलं ते जसंच्या तसं लोकांपर्यंत पोचावं, एवढ्याचसाठी मी दिवसभर कान ताणून बसते. त्यासाठी महागडं काही लागत नाही. रेकीच्या गाडीत साउंडवाल्यालाही जागा हवी आणि रोजच्या वेळापत्रकात थोडी सवड हवी.

पुढच्या महिन्यात भोरला एका नव्या चित्रपटाची रेकी आहे आणि या वेळी कलादिग्दर्शकाबरोबर मलाही बोलावलंय. वाड्याला लागून शाळा आहे म्हणे. मधली सुट्टी किती वाजता होते ते विचारून ठेवा, असं मी प्रॉडक्शनला कळवलं आहे.