दोष हायड्रोजनचा नाही

हायड्रोजन जाळला की फक्त पाणी उरतं, हे वाक्य शाळेच्या पुस्तकापासून मंत्र्यांच्या भाषणापर्यंत सगळीकडे भेटतं. शुद्ध ऑक्सिजनमध्ये जाळला तर ते खरंही आहे. पण टर्बाइन चालते हवेवर, आणि हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्या रेणूतला तिहेरी बंध तुटायला प्रचंड उष्णता लागते. ती मिळाली की मात्र नायट्रोजनची ऑक्साइडं, म्हणजेच नॉक्स, तयार होतात. धुरकं, दमा, आम्लवर्षा या सगळ्यांत त्यांचा हात असतो.

डेटोनेशन इंजिनात ही उष्णता हवी तेवढी मिळते. साध्या ज्वलनात हायड्रोजनची ज्योत सेकंदाला काही मीटर सरकते. डेटोनेशनमध्ये आघातलहर मिश्रणाला इतकं दाबते की ते तिथल्या तिथे पेटतं, आणि लहर सेकंदाला सुमारे २ किलोमीटर धावते. दाब पंधरा पटींच्या घरात, तापमान २,९०० केल्विनच्या आसपास. कंकणाकृती कक्षात ही लहर भुईचक्रासारखी फिरत राहते. तेवढ्याच इंधनात जास्त काम मिळेल, ही त्यामागची आशा. जपानने २०२१ मध्ये असं इंजिन अवकाशात चालवलं. तिथे मिथेनसोबत ऑक्सिजनही रॉकेटनेच नेला होता, म्हणून इंजिनात नायट्रोजनचा प्रश्नच नव्हता.

गंमत म्हणजे या कोड्याच्या दोन्ही बाजू एकाच माणसाने उलगडल्या. सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव्ह झेल्डोविच यांनी १९४० मध्ये डेटोनेशन लहरीची अंतर्रचना मांडली, आणि ज्वलनात नायट्रोजनचं ऑक्सिडीकरण कसं होतं हे १९४६ मध्ये. ते ऑक्सिडीकरण तुलनेने संथ असतं. हायड्रोजन काही मायक्रोसेकंदांत जळून मोकळा होतो. नायट्रोजनला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणजे नुसतं तापमान पाहून भागत नाही. लहर पुढे गेल्यावर वायू किती वेळ तापलेला राहतो, त्यावर नॉक्सचा हिशेब ठरतो. तो झपाट्याने पसरून थंड झाला तर नॉक्स कमी. मात्र तोवर जे तयार झालं ते झालं. थंड वायूत ते पुन्हा मोडत नाही.

टर्बाइनवाल्यांचा जुना उपाय सोपा आहे: हवा जास्त, इंधन कमी, म्हणजे तापमान उतरतं. इथे त्याला लगाम बसतो. हवेत ४ टक्के हायड्रोजन असला तरी तो पेट घेतो, पण डेटोनेशन टिकायला साधारण १८ टक्के लागतो. मिश्रण फार पातळ केलं की भुईचक्रच विझतं.

तेव्हा ‘शून्य उत्सर्जन’ अशी जाहिरात दिसली की एवढंच विचारा: शून्य कार्बनचं, की नॉक्सचंही?