लोंढ्याच्या हवेत मेक्सिकोचा पाहुणा

मुलांच्या हट्टांचे स्वरूप दर पिढीला पालटत असते. पूर्वी पोपट, ससा किंवा फार तर सोनेरी माशांची बरणी एवढ्यावर भागत असे. २०२१ साली ‘माइनक्राफ्ट’ या संगणकीय खेळात एक गुलाबी, हसऱ्या मुद्रेचा जलचर अवतरला आणि तेव्हापासून ‘ॲक्सोलोटल’ हे उच्चारायला अवघड नाव आमच्या सीमाभागातील मुलांच्याही तोंडी सहज खेळू लागले. हट्ट पुरवावा की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. परंतु पुरवायचाच असेल, तर आधी प्राण्याचे घर आणि मग प्राणी, हा क्रम उलटता कामा नये, असे आम्हांस आवर्जून सांगावेसे वाटते.

हा मासा नव्हे. बेडकाच्या गणगोतातील, परंतु शेपटी असलेला हा उभयचर प्राणी मूळचा मेक्सिको शहरालगतच्या सोचिमिल्को येथील जलाशयांचा. बेडकाचे पिल्लू मोठेपणी कल्ले टाकून जमिनीवर येते. हा मात्र आयुष्यभर बाल्यावस्थेतच राहतो, डोक्यामागचे पिसांसारखे कल्ले मिरवीत पाण्यातच प्रौढ होतो आणि त्याच रूपात अंडी घालतो. तुटलेला पाय त्याला पुन्हा फुटतो, म्हणून शास्त्रज्ञांना त्याचे मोठे अप्रूप. १८६४ साली पॅरिसला ३४ ॲक्सोलोटल नेण्यात आले. त्यांच्या पिलांपैकी काहींनी चक्क कल्ले टाकून जमिनीवरचे रूप घेतले, तेव्हा ऑग्यूस्त द्यूमेरील हे प्राणिशास्त्रज्ञ चकित झाले होते. आज प्रयोगशाळांतून हे प्राणी पुष्कळ आहेत. परंतु मूळ घरी, सोचिमिल्कोच्या पाण्यात, १९९८ साली दर चौरस किलोमीटरला सुमारे ६००० असलेली त्यांची संख्या २०१४ च्या पाहणीत अवघ्या ३६ वर आली. मेक्सिकोने २०२१ मध्ये आपल्या ५० पेसोच्या नोटेवर त्याचे चित्र छापले, हा त्यातला दैवदुर्विलास म्हणायचा.

या दुर्मिळतेमुळेच आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचा समावेश आहे. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि २०२४ मध्ये नोंदणीचे नियमही निघाले. त्यानुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळामार्फत राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे त्याची नोंद करावयाची असते. जन्म, मृत्यू, हस्तांतर हेही कळवावे लागते. ‘कागदपत्रांचे काय, नंतर पाहू’ असे म्हणणाऱ्या दुकानदाराकडून आपण रिकाम्या हातानेच परतावे.

आता खरा प्रश्न उष्म्याचा. ॲक्सोलोटलला १६ ते १८ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. २० पर्यंत तो सहन करतो. २४ च्या वर गेले की त्याचे अन्न सुटते, कल्ले आक्रसतात, अंगावर बुरशी धरते आणि पुढचे सांगायला नको. लोंढ्याला चहूकडे रान असले आणि डिसेंबरच्या रात्री अंगावर दुलई घ्यावी लागत असली, तरी एप्रिल-मेमध्ये पारा तिशी सहज ओलांडतो. काहीजण काचपेटीवर पंखा लावण्याचा सल्ला देतात. तो चूक नाही. पाण्याची वाफ होताना उष्णता जाते, माठातले पाणी गार होते ते याच न्यायाने. परंतु माठ उन्हाळ्यात जेवढा गार होतो तेवढा आषाढात होत नाही, हे आपल्या घरच्या बायकांना कोणी शिकवावे लागत नाही. लोंढ्याच्या धो धो पावसात हवाच पाण्याने भरलेली असते, तेथे पंखा काय करणार? बर्फाच्या बाटल्या सोडल्या तर पाणी तासाभरात गारठते आणि पुन्हा तापते. हा चढउतार प्राण्याला अधिक जाचतो. तेव्हा पाणी गार ठेवणारे यंत्र, ज्याला ‘चिलर’ म्हणतात, ते घ्यावेच लागते, आणि ते काचपेटीहून कितीतरी महाग पडते. झाड पडून वीज जाणे आपल्याकडे नवे नाही, म्हणून इन्व्हर्टरची सोयही हवी. हा खर्च झेपत नसेल तर ॲक्सोलोटलचा विचार सोडून द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

काचपेटी उंच नको, लांब हवी. हा प्राणी तळावर चालणारा. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि सव्वा फूट उंच पेटी एका प्राण्याला प्रशस्त होते. त्यात फूटभर पाणी भरले की ते सुमारे १२७ लिटर, म्हणजे तितकेच किलो वजन होते. दिवाणखान्यातल्या लाकडी टीपॉयवर ती ठेवू नये. भिंतीलगतचा पक्का कट्टा बरा. ऊन येणारी खिडकी आणि स्वयंपाकघर दोन्ही टाळावीत. तळाला रंगीत खडी घालण्याची हौस असते, ती प्राणघातक ठरते, कारण अन्नाबरोबर खडे गिळले जाऊन आतडे तुंबते. तळ मोकळा ठेवावा किंवा अगदी बारीक, धुतलेली वाळू घालावी. त्याला पापण्या नसतात. प्रकाश मंद हवा आणि लपायला आडोसा हवा. यासाठी खानापूरच्या कुंभाराकडचे साधे मातीचे मडके आडवे ठेवावे, त्यासारखे दुसरे काही नाही. मात्र रंग किंवा चकाकीचा लेप दिलेले नको आणि कडा घासून बोथट कराव्यात. वर झाकण हवेच, कारण स्वारी कधीमधी उडी घेते. पाणी गाळण्यासाठी एअर पंपावर चालणारा स्पंजचा फिल्टर पुरतो. जोराचा प्रवाह त्याला सोसत नाही.

पेटी भरली की प्राणी आणावा, असे मुलांना वाटते. येथेच धीर धरावयाचा. प्राण्याच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो, आणि तो विष आहे. पाण्यात व स्पंजात वाढणारे काही जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे जीवाणू त्याचे पुढे नायट्रेट करतात, जे पुष्कळ निरुपद्रवी असते. ही जीवाणूंची वसाहत जमायला साधारण चार ते आठ आठवडे लागतात. दह्याला विरजण लागते तसलाच हा प्रकार. दुसऱ्याच्या जुन्या, निरोगी पेटीतला स्पंज मिळाला तर काम लवकर होते. रिकाम्या पेटीत रोज चिमूटभर माशांचे खाद्य कुजू द्यावे आणि थेंबांच्या तपासणी-संचाने पाणी पाहत राहावे. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागले, की वसाहत बसली. हे जीवाणू कोमट पाण्यात लवकर वाढतात, म्हणून तोवर चिलर चालवू नये.

नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडरीचा क्लोरीन असतो; ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवावे किंवा त्यात थोडा हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, घालावा. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसला तरी जांभ्या दगडातले पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते, तर ॲक्सोलोटलला थोडे जड पाणी लागते. तपासूनच वापरावे. पुढे दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी, त्याच तापमानाचे, बदलत जावे.

खाण्याची चिंता सर्वांत कमी. गांडुळे त्याला प्रिय, आणि मोठ्या प्राण्याला दोन-तीन दिवसांतून एकदा दिली तरी चालतात. फक्त औषध फवारलेल्या शेतातली नकोत. सोबतीला मासे ठेवू नयेत. ते त्याचे कल्ले कुरतडतात, नाहीतर तो त्यांना गिळतो. नर-मादी एकत्र ठेवली तर शेकडो अंडी होतील. आयुष्य दहा-पंधरा वर्षांचे. आज दहा वर्षांचा असलेला चिरंजीव तोवर पुण्याला शिकायला गेलेला असेल आणि बादल्या आईच उचलीत असेल, हे आईबापांनी आताच गृहीत धरावे.

एक गोष्ट मात्र शेजारपाजाऱ्यांच्याही हिताची आहे. बाहेरून आलेल्या उभयचरांबरोबर कायट्रिड नावाची बुरशी येऊ शकते. तिने जगभर बेडकांच्या कित्येक जाती संपविल्या आहेत. आपल्या परिसरातले ओढे पुढे काळी, म्हादई आणि मलप्रभा या नद्यांना मिळतात. लोंढ्याहून गोव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील कॅसलरॉक येथे इंद्रनील दास व कृष्णमेघ कुंटे यांनी २००५ साली एका बेडकाची जात शास्त्राला नव्याने ओळख करून दिली. असले जीव आपल्या ओढ्यांत आहेत. म्हणून पेटीतले जुने पाणी गटारात किंवा ओढ्यात न टाकता वाहत्या पाण्यापासून दूर, परसातील केळीच्या आळ्यात ओतावे. जाळी, बादली वापरून झाल्यावर कडक उन्हात पूर्ण वाळवावी. प्राणी नकोसा झाला, तरी त्याला ओढ्यात सोडू नये. रीतसर कागदपत्रांसह जाणत्या पालकाकडे सोपवावा.