हिशेबाच्या पानाची भाषा बदलते तेव्हा



गावातली एखादी मुलगी हौसेने कॉम्प्युटर शिकते आणि बचत गटाच्या हिशेबासाठी वेबसाइटचं पान तयार करते. अशी पानं पुष्कळदा पीएचपी नावाच्या भाषेत लिहितात. ही भाषा फुकट मिळते. तिची आठवी आवृत्ती २६ नोव्हेंबर २०२० रोजी आली. तिच्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली गोष्ट नावाची. हप्ता काढायला मुद्दल, व्याजदर आणि महिने सांगावे लागतात. पूर्वी ते ठरलेल्या क्रमानेच द्यावे लागत. दर २ आणि महिने १२ यांची अदलाबदल झाली, तर हप्ता चुकायचा आणि कुणाला कळायचंही नाही. आता प्रत्येक आकड्यापुढे त्याचं नाव लिहिता येतं. डब्यावर चिठ्ठी असली की डबा कुठेही ठेवा, हळद ती हळदच.

दुसरी गोष्ट शून्याची. आधीच्या आवृत्त्यांत साधी तुलना केली, तर ० हा आकडा आणि ‘बाकी’ हा शब्द सारखाच धरला जाई! रकमेच्या जागी चुकून शब्द पडला, तर कर्ज फिटलं असं दिसू शके. आता तसं होत नाही.

म्हणूनच जुनं पान नव्या आवृत्तीवर नेलं, की काही उत्तरं बदलू शकतात. जुन्यावरच थांबणंही बरं नाही, ७.४ आवृत्तीच्या सुरक्षा-दुरुस्त्या नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबल्या. तेव्हा पान करणाऱ्या मुलीला सांगा: आधी सगळ्या माहितीची प्रत काढ, पाच-सहा खाती वहीशी ताडून बघ, मगच बदल कर. आणि बायांनो, वही मात्र सोडू नका.