स्वयंपाकघरातील लाकडी कपाटांसाठी लेपाची निवड : पुणे शहराच्या संदर्भात

प्रस्तावना :
पुण्याच्या जुन्या पेठांतील वाडे पाडले जात असताना त्यांतून निघणारे सागवान वाया जात नाही. तुळया, दारे व फडताळे चिरून, त्यांवर रंधा मारून नव्या सदनिकांतील ओट्याखालची कपाटे घडविली जातात. लाकडाची पारख करताना घेतली जाणारी काळजी त्यावरील लेपाच्या बाबतीत मात्र दिसत नाही. तो बहुधा नमुन्याच्या तुकड्यावरील चकाकी पाहून ठरतो. ओलावा, फोडणीची वाफ आणि आरोग्य या दृष्टींनी ही निवड कशी करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

हवामान आणि लाकूड :
लाकूड सभोवतालच्या आर्द्रतेशी समतोल साधते. सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असता ते आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ६ टक्के पाणी धरते, तर ८० टक्के असता सुमारे १६ टक्के. एप्रिलमधील दुपार आणि ऑगस्टमधील पाऊसझड यांमुळे पुण्यातील कपाट दरवर्षी या दोन टोकांकडे ओढले जाते. कोणताही लेप हा ओलावा पूर्णतः रोखीत नाही, केवळ त्याचा वेग कमी करतो. म्हणूनच दाराची दर्शनी बाजू चकचकीत आणि आतील बाजू कोरी ठेवल्यास दोन्ही बाजू असमान फुगतात व दार वाकते. दोष सुताराला दिला जातो. वस्तुतः बचत लेपात झालेली असते.

लेपांचे स्वरूप :
चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले फ्रेंच पॉलिश सागवानाचे रेषासौंदर्य खुलविते व दुरुस्तीस सोपे असते. परंतु लाख हे आम्लधर्मी राळद्रव्य असल्याने सोड्याच्या पाण्यात विरघळते, उष्णतेने मऊ पडते आणि पाणी साचल्यास पांढुरके डाग धरते. दिवाणखान्यातील कपाटास ते शोभते, सिंकखालील कपाटास नाही. मेलामाइनचा लेप अधिक कठीण असतो. मात्र वाळताना त्यातून फॉर्मल्डिहाइड बाहेर पडते, तेव्हा काम चालू असताना त्या घरात राहणे टाळावे.

दोन घटकांचे पॉलियुरेथेन पाणी, तेल व साबण यांना सर्वांत चांगले तोंड देते. तथापि त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेट पाण्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड निर्माण करते. त्यामुळे भर पावसाळ्यात केलेल्या कामावर बुडबुडे येण्याचा संभव असतो. पावसाळा संपल्यावर हे काम काढणे श्रेयस्कर. हेच द्रव्य फवारणाऱ्या कारागिराच्या श्वसनमार्गास घातक असून दम्याचे कारण ठरू शकते. तोंडाला बांधलेला रुमाल येथे निरुपयोगी असतो; योग्य श्वसनमुखवट्याचा खर्च कामाच्या दरातच धरला पाहिजे.

फिकट रंग निवडणाऱ्यांनी हळदीचाही विचार करावा. तिच्यातील रंगद्रव्य तेलात विरघळून लेपात मुरते आणि क्षारयुक्त साबणाने पुसल्यास तांबडे होते; हळदीचे कुंकू होते तीच ही क्रिया. अशा डागावर सौम्य साबण वापरणे बरे.

नव्या लेपाखाली सागवानातील नैसर्गिक तेलही अडथळा आणते. लेपापूर्वी पृष्ठभाग थिनरने पुसून घेतल्यास तो चांगला धरतो.

जुन्या रंगाचा प्रश्न :
वाड्यातून आलेल्या लाकडावर पूर्वीच्या तैलरंगाचे थर असल्यास प्रश्न केवळ सौंदर्याचा राहत नाही. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ साली अधिसूचित झाले व १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या रंगास हे बंधन नव्हते. असा थर कोरड्या पॉलिशपेपरने घासल्यास शिसेयुक्त धूळ घरभर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातावाटे पोटात जाते. बालकांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो. थर पक्का असेल तर तो न उकरता वरून लेप देणे हाच सुरक्षित मार्ग होय. काढणे अटळ असल्यास पृष्ठभाग ओला ठेवून, घराबाहेर काम करावे आणि चोथा ओल्या फडक्याने गोळा करावा. ज्योतीने रंग जाळून खरवडण्याची पद्धत अशा लाकडावर कदापि वापरू नये, कारण तीत शिशाचा धूर थेट कारागिराच्या फुप्फुसात जातो.