व्हीआय : अडचणीतून घडलेले साधन

प्रोग्राम लिहिण्यासाठी केवळ मजकूर हाताळणारा टेक्स्ट एडिटर पुरेसा आहे, की लेखन, कंपायलेशन आणि दोषशोधन एकाच खिडकीत सामावून घेणारा आयडीई आवश्यक आहे, या वादात पहिल्या पक्षाचे लोक ज्या साधनाचा दाखला हटकून देतात, त्या 'व्हीआय'चा जन्म कोणत्याही तत्त्वनिष्ठेतून नव्हे, तर निव्वळ अडचणीतून झाला, ही गोष्ट त्या पक्षाचे अभिमानी सहसा विसरतात.

1976 च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कली येथे शिकत असलेला बिल जॉय घरून 300 बॉडच्या मोडेमवर काम करीत असे. सेकंदाला सुमारे 30 अक्षरे एवढाच त्या तारेचा वेग. म्हणजे 24 ओळींचा, 80 रकान्यांचा पडदा पूर्ण भरावयाचा तर मिनिटाहून अधिक काळ खोळंबावे लागे. अशा स्थितीत थोड्या कळांत पुष्कळ काम उरकावे आणि पडद्याचा बदललेला तेवढाच भाग पुन्हा उमटवावा, अशी तजवीज आपल्या 'व्हीआय'मध्ये करणे त्याला भाग पडले. त्याच्यापुढील एडीएम-3ए या टर्मिनलच्या एच, जे, के, एल या कळांवर बाणांच्या खुणा छापलेल्या होत्या. म्हणून ते यंत्र कधी न पाहिलेल्या आजच्या तरुणांची बोटेही कर्सर हलविण्यासाठी त्याच चार कळांवर जातात. हुकमांची रचना व्याकरणासारखी नेटकी: 'डी' ही खोडण्याची क्रिया, 'डब्ल्यू' म्हणजे शब्द हे तिचे कर्म, मध्ये 3 घातला की तीन शब्द नाहीसे. ब्राम मोलेनार याने 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'विम'ने हाच वारसा विस्तारला.

प्रतिपक्षाची कैफियतही दुबळी नाही. 1983 च्या टर्बो पास्कलने एडिटर आणि कंपायलर एकत्र आणले आणि चूक सापडताच कर्सर थेट त्या ठिकाणी नेऊन ठेवला. पुढे आयबीएमने 2001 मध्ये खुल्या केलेल्या एक्लिप्ससारख्या साधनांना प्रोग्रामची रचनाच उमगू लागली, त्यामुळे एखाद्या फंक्शनचे नाव असंख्य फाइलींत एकदम, योगायोगाने अन्यत्र आलेल्या त्याच शब्दाला धक्का न लावता, बदलता येऊ लागले. साध्या एडिटरची ही उणीव केवळ बोटांच्या चपळाईने भरून निघणारी नव्हती.

तथापि 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल सर्वांसाठी खुला केला आणि प्रोग्रामचा अर्थ लावण्याचे काम एडिटरबाहेरच्या स्वतंत्र सर्व्हरकडे सोपविण्याची वाट मोकळी झाली. तो सर्व्हर चित्रमय साधनाच्या दिमतीला असतो, तसाच विमच्याही. वादातील बुद्धीचा मुद्दा अशा रीतीने बव्हंशी निकालात निघाला; उरला तो सवयीचा आणि सोयीचा.

म्हणून नवशिक्याने परक्याचा अफाट प्रोग्राम समजून घेताना आयडीईचा आधार घेण्यात कमीपणा मानू नये. मात्र दूरच्या सर्व्हरवर चित्रमय पडदा बहुधा नसतो आणि व्हीआय किंवा त्याचा एखादा अवतार बहुधा असतो, हे ध्यानी ठेवून त्याचे निदान दहा हुकूम अवश्य शिकून घ्यावेत.